ढेकूण, कालनिर्णय आणि आमचा बॉक्स बेड

घरात ढेकूण सापडले म्हणून झोप उडून रात्री अडीच वाजता मोबाइल घेऊन बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर आधी दोनच गोष्टी. आज रात्री दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, आणि गादी ओढत नेऊन जिन्यात टाकू नका. कारणं पुढे येतील. बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. ढेकणांमुळे माणसाला एखादा रोग होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. खाज, झोपेचं खोबरं आणि मनस्ताप, एवढंच. हे ‘एवढंच’ मी आत्ता नोव्हेंबरात लिहितेय. जुलैत मला कुणी असं म्हणालं असतं तर त्याची धडगत नव्हती.

आम्ही ठाण्यात राहतो. इमारत तीसेक वर्षांची, टू बीएचके. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सुट्टीपुरती लेक. ती पुण्याला हॉस्टेलवर असते. मे 2025 च्या अखेरीस परीक्षा संपवून ती उशी-पांघरुणासकट सगळं बिऱ्हाड घेऊन आली आणि ते बोचकं बरेच दिवस आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात पडून होतं. ढेकूण त्यातूनच आले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ट्रेनचा बर्थ, थिएटरची खुर्ची, जुनं फर्निचर, शेजारची भिंत, ते कुठूनही येतात. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो चालतो आणि लांबचा पल्ला आपल्या सामानातून फुकटात गाठतो. घर घाण असेल तरच ढेकूण होतात हेही खरं नाही. त्याला उष्टं-खरकटं नको असतं, रक्त हवं असतं. पसारा असेल तर लपायला जागा जास्त मिळते, इतकंच.

जूनच्या मध्याला माझ्या दंडावर आणि मानेवर सकाळी उठल्या-उठल्या गांधी दिसायला लागल्या. त्याच गादीवर झोपणाऱ्या नवऱ्याला काहीही नाही. त्यामुळे निष्कर्ष ठरलेला: हिला पित्त झालंय. आमसुलाचं पाणी लावून झालं, रात्रीचं लोणचं बंद झालं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, फी 800 रुपये. त्यांनी आधी बोटांच्या बेचक्या, मनगटं आणि कंबर बघितली. खरूज असेल तर पुरळ तिथे येतो म्हणाल्या. मग विचारलं, “गाऊन बिनबाह्यांचा घालता का?” घालते. “मग जेवढं अंग उघडं राहतं तेवढ्यावरच आहे हे. घरी जाऊन गादी तपासा.” खाज कमी व्हायच्या गोळ्या आणि मलम मिळालं, साडेचारशेचं. नवऱ्याला काही का होत नाही, याचं उत्तरही तिथेच मिळालं. चावा सगळ्यांना बसतो, पण काहींच्या कातडीवर उमटतच नाही. काहींना चावल्यानंतर दोन-चार दिवसांनी उमटतो. म्हणून ‘काल कुठे झोपलो होतो’ यावरून तर्क लढवण्यात अर्थ नाही, आणि एका ओळीत तीन चावे म्हणजे ढेकूणच, हेही पक्कं नाही. पुरावा अंगावर शोधायचाच नाही. तो गादीत शोधायचा.

5 जुलैला, आषाढीच्या आदल्या रात्री, साबुदाणा भिजत घातला आणि आम्ही दोघं टॉर्च घेऊन बसलो. चादर काढली. गादीच्या कडेची गोट असते ना, तिच्या शिवणीत काळे ठिपके होते, बॉलपेनचं टोक टेकवून उचलावं तसे. कापसाचा ओला बोळा घासला तर ठिपका तपकिरी होऊन पसरला. ती त्याची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मळ असता तर असा पसरला नसता. शेजारी कात टाकलेली रिकामी, पारदर्शक सालं होती. जिवंत ढेकूण मात्र गादीत नव्हता, तो हेडबोर्डच्या मागे सापडला. पाचेक मिलिमीटर, चपटा, तपकिरी, सहा पायांचा. उजेड पडल्यावर तो शांतपणे फटीकडे चालायला लागला. नवऱ्याने चप्पल उचलली होती. मी त्याला थांबवून सेलोटेपने ढेकूण उचलला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवला. तुम्हीही हेच करा. झुरळाचं पिल्लू, गोचीड, पुस्तकातली कसर यांच्यात आणि ढेकणात माणसं सर्रास गल्लत करतात, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला नमुना दाखवला की पुढची बरीच बडबड वाचते.

सकाळी सासूबाईंना सांगताना माझा आवाज चोरटा झाला होता. त्या चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या, “अगं, मग त्यात काय? गिरगावात ढेकूण नसलेली खोली मी बघितलेली नाही.” दर रविवारी लोखंडी खाट गॅलरीत काढायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, मग रॉकेलचा बोळा फिरवायचा. खाटेच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या. डीडीटीची पावडर आली तेव्हा सुरुवातीला जादू झाली, पुढे म्हणे ढेकूण तिच्यावर लोळायला लागले. त्यांचं हे वाक्य मी अतिशयोक्ती समजले होते. पण डीडीटीला न जुमानणारे ढेकूण 1947 मध्येच पर्ल हार्बरच्या बराकींत आढळले होते. आज घरोघरी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं (डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे) डीडीटीसारखीच मज्जातंतूंवर मारा करतात, आणि त्यांनाही जगभरचे ढेकूण सरावलेत. दुकानातला फवारा मारून ‘मेले नाहीत, फक्त पांगले’ असा अनुभव येतो तो त्यामुळे.

त्या सोमवारी हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली, तर काउंटरखालून लेबल नसलेली एक बाटली निघाली. “जुना माल आहे, एक नंबर औषध.” वास ओळखीचा होता, डायक्लोरव्हॉसचा. त्यावर आपल्याकडे 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. दुसरा सल्ला मला तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला, तोही मनापासून: धान्यात ठेवायच्या गोळ्या आणा आणि खोली बंद करून टाका. हे कृपा करून करू नका. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो दाराखालून, पाइपच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो, आणि त्याला उतारा नाही. ढेकणांसाठी घरात या गोळ्या ठेवल्यामुळे आपल्या देशात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ढेकूण सहसा कुणाचा जीव घेत नाही.

रॉकेलही नको. प्लायवूडचा पलंग, शेजारी चार्जर, आणि वर रॉकेल.

मग तीन ठिकाणांहून दर मागवले. पहिल्याने फोनवरच सांगितलं: 1,200 रुपये, हर्बल, वास नाही, एकदाच मारायचं, वर्षाची गॅरंटी, घर बघायची गरज नाही. दुसऱ्याला वाळवी, झुरळं, उंदीर असं सगळं मिळून वर्षाचं 9,500 चं कंत्राट हवं होतं. तिसरा स्वतः आला, गुडघ्यांवर बसून पलंगाच्या तळाशी टॉर्च मारली, सोफा उलटा करायला लावला आणि मग बोलला: 4,500 अधिक जीएसटी, म्हणजे 5,310. चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारणी, नंतर एक तपासणी. निम्मे पैसे पहिल्या फवारणीला, निम्मे दुसऱ्या फवारणीनंतर. आम्ही त्यालाच ठरवलं.

ठरवण्यापूर्वी त्याच्याकडे परवान्याची प्रत मागितली. व्यवसाय म्हणून घरात कीटकनाशक मारणाऱ्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो आणि आपल्याकडे तो कृषी विभाग देतो. मागितलं म्हणून कुणी चिडलं तर तिथेच राम राम करावा. औषधाची मूळ बाटलीही बघा. लेबलवर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. आमच्याकडच्या बाटलीवर निळा होता. घरात दम्याचं माणूस आहे, हे आधी सांगितलं. मांजर किंवा मासे असतील तर तेही सांगा. ही औषधं त्या दोघांना फार बाधतात.

फवारणी 12 जुलैच्या शनिवारी ठरली. मधले दिवस तयारीचे, आणि खरं काम हेच. औषधवाला दोन तास येतो, बाकीचं आपल्यालाच निस्तरायचं असतं.

चादरी, अभ्रे, पडदे, पांघरुणं बेडरूममध्येच पिशव्यांत भरून गाठ मारायची. उघडी हातात घेऊन घरभर फिरायचं नाही. वॉशिंग मशीनला 60 अंशांची सोय होती, ती वापरली. पण जुलैत ठाण्यात ऊन कुठून आणणार? चौकाजवळ ड्रायरवाली लॉन्ड्री आहे. तिथे फुल गरमवर अर्धा तास फिरवून घेतलं, सगळं मिळून 1,900 रुपये झाले. ढेकणाचा खरा वैरी उष्णता आहे. पन्नास अंशांच्या पुढे तो आणि त्याची अंडी दोन्ही काही मिनिटांत मरतात, आणि उष्णतेला ढेकूण सरावत नाही. वाळलेले कपडे नव्या पिशव्यांत बांधून हॉलमध्ये ठेवले. पैठण्या आणि शालूंचं कपाट लांबच्या भिंतीला होतं. टॉर्चने तपासलं, काही नव्हतं, त्याला हात लावला नाही. अख्खं घर उपसायची गरज नसते. बहुतेक ढेकूण झोपायच्या जागेपासून चार-सहा फुटांतच असतात, आणि उपसाउपशीत आपणच त्यांना घरभर नेऊन सोडतो.

इस्त्रीवाल्याला त्या काळात कपडे दिले नाहीत. आमचं बोचकं त्याच्याकडे दहा घरांच्या बोचक्यांवर पडतं. कपड्यांच्या शिवणी घरीच कोरड्या इस्त्रीने दाबून घेतल्या.

आता बॉक्स बेड. ज्यांच्याकडे हा प्रकार आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. बॉक्स बेड म्हणजे जमिनीला चिकटलेली प्लायवूडची पेटी, आत पाहुण्यांच्या गाद्या आणि गोधड्या, वर फळ्या, आणि कडेला शेकडो अंधाऱ्या फटी. शुक्रवारी सुताराला बोलावलं. त्याने हेडबोर्डचे स्क्रू काढले आणि बोर्ड भिंतीपासून सुटला, तेव्हा एक उग्र, कोथिंबीर सडल्यासारखा वास आला. बोर्डच्या मागे, जिथे सनमायका संपून कच्चं प्लाय सुरू होतं, तिथे हाताच्या पंज्याएवढा भाग काळा झाला होता. त्यात मोठे, लहान, फिकट पिवळी पिल्लं, नुकतंच रक्त पिऊन लाल दिसणारी पिल्लं, सगळं गोकुळ. स्क्रूच्या भोकांत पांढरट अंडी, जेमतेम एक मिलिमीटरची, लाकडाला घट्ट चिकटलेली. ब्रशने निघेनात. सुतार दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “ताई, माझी पिशवी बाहेर ठेवतो आधी.” शहाणा माणूस.

त्याने पेटी पूर्ण खोलली. नवऱ्याने व्हॅक्यूमचं चिंचोळं तोंड लावून दिसेल ते ओढलं, आतली पिशवी लगेच बांधून थेट घंटागाडीत दिली. मग वाफेच्या इस्त्रीने प्रत्येक सांधा अगदी सावकाश शेकला. घाईने वाफ फिरवली की ढेकूण नुसते हलतात. फवारणी झाल्यावर सुताराने फटी पुट्टीने बुजवल्या आणि पलंगाला चार पाय लावले, 2,200 रुपये. पाय का, ते पुढे.

पाहुण्यांच्या कापसाच्या गाद्या वाचवण्यासारख्या नव्हत्या. शिवणी नुसत्या भरल्या होत्या. त्या मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेप लावून खाली आणल्या, तर वॉचमनकाका म्हणाले, “मॅडम, टाकताय तर मी नेतो. गावाला पाठवतो, चांगल्या दिसतायत.” सोसायटीत कुणाला कळू नये म्हणून मी रात्री साडेदहाची वेळ निवडली होती. आणि आता समोर हा माणूस, ज्याच्या घरी त्याची नातवंडं त्या गाद्यांवर झोपली असती. सांगून टाकलं, “काका, यात ढेकूण आहेत. घरात आणू नका.” ते हसले आणि म्हणाले, “मग मार्करने लिहा वर. नाहीतर भंगारवाला नेईल.” नवऱ्याने वरून मार्कर आणला, प्लास्टिकवर मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण’ लिहिलं, आणि गाद्या कात्रीने फाडून ठेवल्या. सकाळपर्यंत सगळ्या विंगला कळलं होतं, आणि सकाळी दुधाच्या वेळी दोन शेजारणींनी हळूच विचारलं, तुमचा पेस्ट कंट्रोलवाला कोण?

शनिवारी दुपारी फवारणी झाली. सासूबाई दम्यामुळे दोन दिवसांसाठी डोंबिवलीला नणंदेकडे गेल्या, ड्रायरमधून काढलेल्या कपड्यांची एक छोटी पिशवी घेऊन. आम्ही तिघं चार-पाच तास भर पावसात उपवनला आणि मग एका मॉलमध्ये काढले. परत येऊन खिडक्या उघडल्या, पंखे लावले, नुसती जमीन पुसली. पलंगाच्या सांध्यांवरचं औषध पुसायचं नसतं. स्विचबोर्डांत औषधवाल्याने पाण्यातलं औषध मारलं नाही, मेन बंद करून कोरडी पावडर फुंकली.

आणि मग तो म्हणाला, “आज याच बेडवर झोपा.”

हे पचायला जड गेलं. पण त्यामागचा विचार पक्का आहे. ढेकूण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर बाहेर येतो. आपण बेडवर असलो तर तो फटीतून निघून औषधावरून चालत येतो. आपण हॉलमध्ये जाऊन झोपलो, तर तो एकतर फटीत बसून राहतो (खाल्ल्याशिवाय तो महिनोन्‌महिने काढू शकतो) नाहीतर आपल्या मागे हॉलमध्ये येतो. आमच्या नवरोबांनी जूनअखेरीस ‘उकडतंय’ म्हणून सोफ्यावर मुक्काम हलवला होता. सोफ्याच्या मागच्या पट्टीत जे ठिपके सापडले त्याचं श्रेय त्यांनाच.

त्या रात्री आम्ही आमिष म्हणून झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. दिवा बंद केला की पायावर काहीतरी चालतंय असं वाटायचं, दिवा लावला की काही नसायचं. हा भास ढेकूण संपल्यावरही बरेच आठवडे राहिला. तुम्हाला झाला तर तुम्ही एकटे नाही.

आता कालनिर्णय. मला वाटतं, सगळ्या प्रकरणाचं मर्म औषधात कमी आणि तारखांत जास्त आहे. फवारणीने अंडी सहसा मरत नाहीत. आपल्याकडच्या हवेत अंडं साधारण आठवडा ते दहा दिवसांत फुटतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, प्रत्येक कातीआधी त्याला एकदा तरी रक्त लागतं, आणि अंडी घालण्याजोगं व्हायला त्याला महिन्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे 12 जुलैला वाचलेलं शेवटचं अंडं 22-23 तारखेच्या सुमारास फुटणार, आणि 26 तारखेपर्यंत त्यातलं एकही पिल्लू पुढची अंडी घालणार नाही. त्या खिडकीत दुसरा मारा झाला की साखळी तुटते. महिनाभर उशीर केला की पुन्हा पहिल्यापासून. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने हे सगळं मांडलं आणि मला महिन्यात पहिल्यांदा जरा सुचायला लागलं. ‘एकदाच मारा, वर्षभर गॅरंटी’ म्हणणाऱ्याला हेच विचारा: अंड्यांचं काय?

पलंगाला पाय लावले ते वाट्यांसाठी. प्रत्येक पायाखाली गुळगुळीत भिंतीचा प्लास्टिकचा डबा, म्हणजे खालून वर येणारा ढेकूण त्यात पडतो आणि मोजता येतो. परदेशी व्हिडिओंमध्ये हे फार सोपं दाखवतात. पण तिकडची जात सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. आपल्याकडे मुख्यतः सायमेक्स हेमिप्टेरस असतो, आणि त्याला गुळगुळीत भिंत बरीच चांगली चढता येते. म्हणून डब्याला आतून टाल्कम पावडरचा हात फिरवायचा, आठवड्याला नवा. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर डब्यांचा उपयोग शून्य. गादीला चारी बाजूंनी चेन असलेलं कव्हर घातलं. आमच्या आणि सासूबाईंच्या गादीचं मिळून 2,900. ते वर्षभर काढायचं नाही.

मधल्या काळात सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरीकाका म्हणाले, “वहिनी, हे लेखी कशाला? फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होतो.” मी म्हटलं, फ्लॅट नंबर न घालता सूचना लावा, पण लावा. विजेच्या पाइपांतून, भिंतींच्या भेगांतून हे पलीकडे जातात. चार दिवसांनी लिफ्टजवळ सूचना लागली: सदस्यांनी आपापल्या गाद्या तपासाव्यात. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे आयटीतली चार मुलं भाड्याने राहतात. त्यांनी दार उघडलं तेच हात खाजवत. कित्येक महिने ते डास समजून कॉइल जाळत होते. घरमालक नाशिकला, खर्च कुणी करायचा यावर त्यांचं आणि मुलांचं फोनवर बरंच झालं, शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. 26 जुलैला दोन्ही घरांत एकाच दिवशी फवारणी झाली. भिंतीच्या एकाच बाजूला औषध मारलं तर ढेकूण दुसऱ्या बाजूला जाऊन पंधरा दिवसांनी परत येतात, त्यामुळे ही तारीख जुळवणं पत्राचं सगळ्यात मोठं फलित.

त्या दुसऱ्या वेळी डब्यांत चार-पाच पिल्लं सापडली होती, मोठा एकही नाही. औषधवाल्याने मोजून बघितली आणि म्हणाला, हिशेबात आहे. यावेळी त्याने औषधाचा गट बदलला.

तपासणीची 9 ऑगस्ट नेमकी रक्षाबंधनाची निघाली. भाऊ नारळीभाताच्या ताटावर आणि बेडरूममध्ये एक माणूस टॉर्च घेऊन पलंगाखाली. सोफ्याच्या पट्टीत एक मेलेला सापडला. बाकी काही नाही.

27 ऑगस्टला गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि डोंबिवलीची, कर्जतची मंडळी मुक्कामाला असतात. मला हे टाळायचं होतं, सबबही तयार होती. सासूबाईंनी ती बाजूला ठेवून स्वतः फोन केले: “दर्शनाला या, जेवायला या, झोपायला यंदा नको. घरात ढेकूण झाले होते.” कर्जतच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे मागच्या वर्षी झाले होते, सांगितलं नव्हतं. सगळे आले, मोदक संपले, पर्सा आणि बॅगा दाराजवळच्या एका टेबलावर राहिल्या.

डबे सप्टेंबरभर रिकामे राहिले. दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, आम्ही ढेकूण गेले असं म्हटलं आणि त्यानंतरच पाहुण्यांसाठी नव्या गाद्या भरून घेतल्या. घाईने नवी गादी आणू नका, ती त्यांना आयती सोय होते. नव्या गाद्या धरल्या नाहीत तर डॉक्टरपासून कव्हरपर्यंत साडेतेरा हजारांच्या आसपास गेले.

राहता राहिलं हॉस्टेल. दिवाळीला लेक आली तेव्हा बॅग बाल्कनीतच उघडली, कपडे थेट 60 अंशांवर, बॅगेच्या शिवणींवर वाफ, आणि चार पुस्तकं पिशवीत बांधून शेजाऱ्यांच्या डीप फ्रीजरमध्ये चार दिवस. उणे 18 अंश लागतात, साध्या फ्रिजचा वरचा कप्पा सहसा तेवढा थंड होत नाही. हॉस्टेलच्या रेक्टरना पालकांनी मिळून अर्ज दिला होता. उत्तर आलं की दिवाळीच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या असताना फवारणी केली जाईल. आम्ही पुन्हा लिहिलं की रिकाम्या खोलीत ढेकूण फटीतच बसून राहतील; पहिली सुट्टीत करा हवी तर, पण दुसरी मुली परतल्यावर चौदा दिवसांनी करा. यावर ‘विचाराधीन’ असं उत्तर आहे. तोवर लेकीच्या लोखंडी कॉटच्या पायांखाली पावडर लावलेले डबे आहेत आणि तिच्या मैत्रिणींनीही ते मागून घेतलेत.

कुणाला असा अर्ज द्यायचा असेल तर त्यात एवढं तरी घाला: सेलोटेपने चिकटवलेल्या नमुन्याचा फोटो तारखेसह, बाधित खोल्यांचे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे क्रमांक, फवारणी करणाऱ्याच्या परवान्याची प्रत मिळावी अशी मागणी, आणि दोन्ही फवारण्यांच्या तारखा लेखी. पोच घ्यायला विसरू नका. आमचा पहिला अर्ज ‘मिळालाच नाही’ म्हणाले होते.